वर्गातली झेरॉक्स आणि लेखकाचे ऋण



आजचा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा आम्ही आधी नको म्हणालो होतो. कॉपीराइट हा वकिलांचा प्रांत. आमचा जन्म गेला तत्त्वज्ञान शिकवण्यात. पण मधल्या काळात एक छोटासा प्रसंग घडला आणि वाटले, हे बोलायलाच हवे.

निवृत्तीनंतर आम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी घराजवळच्या एका अभ्यासिकेत जातो. सातवी ते दहावीची मुले येतात. शिकवणारे बहुतेक कॉलेजातले तरुण. मुले त्यांना ताई, दादा म्हणतात. एका संध्याकाळी त्यातली एक ताई रिकाम्या हाताने आली. एका कथेतली दोन पाने पंचवीस मुलांना वाचायला द्यायची, असे तिने ठरवले होते. झेरॉक्सवाल्याने पुस्तकाच्या आतल्या पानावरची सूचना तिला दाखवली, की या पुस्तकाचा कोणताही भाग पुनर्मुद्रित करता येणार नाही, आणि काम परत केले. ती आम्हांला म्हणाली, "सर, हा गुन्हा आहे म्हणे." त्या दिवशी मुलांनी काही वाचले नाही.

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी हयात लेखकाची अख्खी किशोरकादंबरी स्कॅन करून टाकली. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. कोणाच्या मनात शंकाही आली नाही. म्हणजे ज्याची मुभा आहे त्याची आपल्याला भीती, आणि ज्याची मुभा नाही ते आपण बिनधास्त करतो. हे उलटे कसे झाले आणि सरळ कसे करायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

हक्क कशावर आणि किती काळ

आपला कायदा १९५७ चा आहे. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, त्यातली २०१२ ची मोठी. पहिली गोष्ट लक्षात ठेवू या, की हक्क कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. भूमितीतले प्रमेय कोणाच्याही मालकीचे नाही. ते समजावताना एखाद्या लेखकाने लिहिलेले परिच्छेद, काढलेल्या आकृत्या, रचलेली उदाहरणे ही त्याची. पुस्तक वाचून, पचवून, आपल्या शब्दांत शिकवायला कोणाची परवानगी लागत नाही. तसे असते तर आमची नोकरी पहिल्याच वर्षी गेली असती!

दुसरी गोष्ट मुदतीची. लेखक हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून पुढे साठ वर्षे. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' सर्वांची झाली. ती छापा, वाटा, वाचून रेकॉर्ड करा. डॉ. आंबेडकरांचे निधन डिसेंबर १९५६ मधले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २०१७ पासून मोकळे आहेत. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी २०२९ सरेपर्यंत थांबायचे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या कविता २०५९ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या साहित्याची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, त्यांच्या निधनानंतर. ती मुदत २०१२ च्या अखेरीस संपली.

इथे एक खाचखळगा आहे. मूळ ग्रंथ मोकळा असला तरी त्याचा नवा अनुवाद, नवी प्रस्तावना, नवी चित्रे यांचे हक्क वेगळे असतात. ज्ञानेश्वरीवर कोणाचाच हक्क नाही, पण आजच्या एखाद्या अभ्यासकाने केलेल्या तिच्या गद्य भाषांतरावर आहे.

कायद्याने शिक्षकासाठी ठेवलेले दार

मग हक्काखालच्या साहित्याचे काय? कायद्याचे कलम ५२ म्हणजे 'ही कृत्ये उल्लंघन ठरत नाहीत' अशी लांबलचक यादी आहे. त्यातला शिक्षकांच्या कामाचा मुख्य खंड सांगतो, की शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत, परीक्षेतल्या प्रश्नाचा भाग म्हणून आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात केलेली प्रत, हे उल्लंघन नाही. 'कोणत्याही कृतीची' असा शब्द आहे. कथा, कविता, चित्र, नकाशा, सगळे आले.

पुढच्या खंडात शाळेच्या कार्यक्रमांची सोय आहे. शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी शाळेच्या उपक्रमात नाटक किंवा गाणे सादर करणे. विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढ्याच प्रेक्षकांना चित्रपट दाखवणे. वैयक्तिक अभ्यास आणि संशोधन, टीका आणि परीक्षण यांसाठी वाजवी वापराची वेगळी तरतूद आहे. २०१२ मध्ये आणखी एक दार उघडले. दृष्टिहीन किंवा अन्य अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून सोयीच्या स्वरूपात प्रत करता येते. तुमच्या वर्गातल्या दृष्टिहीन मुलासाठी अख्खा धडा वाचून रेकॉर्ड करून द्या, अजिबात संकोच करू नका.

मग पुस्तकाच्या पानावरची ती दरडावणारी सूचना? ती प्रकाशकाने छापलेली असते आणि कायदा संसदेने केलेला असतो. कायद्याने दिलेली सवलत कोणाला छापील ओळीने काढून घेता येत नाही. तरी झेरॉक्सवाल्याला आम्ही दोष देणार नाही. जाणूनबुजून केलेले उल्लंघन हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो, हे खरे आहे. दुकान त्याचे, भीती त्याला वाटणारच. त्याला समजावून सांगणे हे आपले काम.

आणि ते 'दहा टक्के चालतात' वगैरे जे शिक्षकांच्या गटांत फिरते, ते विसरा. अध्यापनाच्या या खंडात टक्केवारी नाही. बाहेरच्या देशांतल्या मार्गदर्शक नियमांतून तसले आकडे आपल्याकडे आले आणि चिकटून बसले.

दिल्लीतले दुकान

'अध्यापनाच्या ओघात' या शब्दांचा अर्थ किती रुंद, यावर आपल्या देशात एक मोठा खटला झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी नावाचे झेरॉक्सचे दुकान होते. प्राध्यापक अभ्यासक्रमासाठी निरनिराळ्या पुस्तकांतली प्रकरणे नेमून देत आणि दुकान त्यांच्या प्रती एकत्र बांधून विकत असे. त्याला कोर्सपॅक म्हणतात. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. अंतरिम आदेशाने कोर्सपॅक बंद पडले. विद्यार्थी आणि शिक्षकांच्या संघटना खटल्यात उतरल्या. ज्या लेखकांच्या पुस्तकांवरून भांडण होते, त्यांतल्याही काहींनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. आमच्यासारख्याला त्यातला तात्त्विक भाग फार महत्त्वाचा वाटला. कॉपीराइट हा नैसर्गिक किंवा ईश्वरदत्त हक्क नाही. ज्ञान वाढावे म्हणून समाजाने लेखकाला दिलेला तो मर्यादित हक्क आहे, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा. इंग्लंडच्या १७१० च्या पहिल्या कॉपीराइट कायद्याच्या शीर्षकातच विद्येच्या उत्तेजनाचा उल्लेख होता, हे इथे आठवते. दुसरा मुद्दा साधा आहे. ग्रंथालयात बसून विद्यार्थी हाताने पाने उतरवून घेत होता तेव्हा ते चूक नव्हते. मग यंत्राने तेच काम लवकर केले म्हणून ते चूक कसे ठरेल?

प्रकाशक अपिलात गेले. ९ डिसेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती प्रदीप नंद्राजोग आणि योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने निकाल दिला. अध्यापन म्हणजे फळ्यासमोरचा तास एवढेच नाही; तयारीपासून परीक्षेपर्यंतची सगळी प्रक्रिया त्यात येते. प्रत शिक्षकाने स्वतःच्या हाताने काढली पाहिजे असे नाही. पानांची ठरीव मर्यादाही नाही. कसोटी एकच, अध्यापनाच्या हेतूसाठी एवढी प्रत गरजेची होती का? या प्रकरणात ती गरजेची होती का, आणि अख्खी पुस्तके उतरवणे चालेल का, हे पुराव्यावर तपासायला खंडपीठाने प्रकरण परत पाठवले. पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हक्कधारकांच्या संस्थेची याचिका फेटाळली.

म्हणून लक्षात घ्या, या निकालाने 'काहीही उतरवा' असे सांगितलेले नाही. त्याने शिक्षकाच्या हातात एक प्रश्न दिला आहे. 'या धड्यासाठी, या मुलांसाठी, हे एवढे लागते का?' हा प्रश्न स्वतःला विचारायचा असतो, आणि उत्तर प्रामाणिक द्यायचे असते.

शाळा सुटल्यावर

आता आमच्या ताईकडे वळू. ती पगारी शिक्षिका नाही, अभ्यासिका ही शाळा नाही. तिला ते दार उघडे आहे का? दिल्लीच्या न्यायालयापुढे विद्यापीठ होते, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा इकडे आणणे बरोबर नाही. पण कायद्याने 'शिक्षक' या शब्दाची व्याख्या केलेली नाही, नेमणूकपत्राची अट घातलेली नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मुलांना, फी न घेता जो शिकवतो त्याला शिक्षक म्हणायचे नाही तर कोणाला? आमच्या मते तिची दोन पाने या खंडात बसतात. फी घेऊन चालणाऱ्या क्लासने छापील नोट्सचे संच विकावेत, याला मात्र आम्ही तेच उत्तर देणार नाही.

अभ्यासिकेसाठी आम्ही तीन प्रश्न लिहून भिंतीवर लावले आहेत. एक, ही प्रत कोणासाठी? समोरच्या मुलांसाठी असेल तर ठीक. साऱ्या जगासाठी असेल तर थांबा. दोन, किती? धड्याला लागेल तेवढे, हाताला लागेल तेवढे नाही. तीन, ही प्रत विकत घ्यायच्या पुस्तकाची जागा घेते का? सर्वांत जास्त घसरण याच ठिकाणी होते. कथेतली दोन पाने वाचून मूल पुस्तक शोधायला जाते. अख्खी कादंबरी फोनवर मिळाली, की ते पुस्तक कोणी घेत नाही. मराठीत किशोरांसाठी लिहिणाऱ्या लेखकाचे उत्पन्न किती असते, ते आम्ही सांगायला नको. ते पाणी आपणच आटवायचे आणि मग 'मराठीत मुलांसाठी चांगले काही लिहिलेच जात नाही' अशी व्याख्याने द्यायची, हे काही बरे नाही.

मोकळे साहित्यही पुष्कळ आहे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या मंचावर मराठीसह अनेक भाषांतल्या मुलांच्या गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत. नावनिर्देश करून त्या छापता, वाटता, भाषांतरित करता येतात. मराठी विकिस्रोतावर मुदत संपलेले जुने साहित्य आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. पण फुकट मिळते म्हणजे हक्क सोडला असे नाही. त्यांतले धडे घेऊन आपले गाइड छापायला परवानगी लागते.

नाव घेण्याचे ऋण

इथवर कायदा झाला. यापुढचे आमच्या अनुभवाचे, आणि सांगायला जरा अवघड आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही तर्कशास्त्राची टिपणे सायक्लोस्टाइल करून वाटत असू. इंग्रजी पुस्तके महाग, ग्रंथालयात एकच प्रत, मुले खेड्यांतून आलेली. टिपणांतली बरीच मांडणी एका परदेशी लेखकाची होती. उदाहरणे आम्ही आपल्याकडची घातली, पण सांगाडा त्याचा. आम्ही त्याचे नाव कुठेच लिहिले नव्हते. मुद्दाम लपवले असे नाही. वर्गातल्या टिपणांना कसले आले संदर्भ, असे वाटायचे. पुढे वीसेक वर्षांनी आमच्या एका विद्यार्थ्याचे पुस्तक आले. प्रस्तावनेत त्याने मोठ्या प्रेमाने लिहिले होते, की ही मांडणी सरांची. ते वाचून अंगावर काटा आला. मूळ लेखकाचे नाव त्याला कळवायला आम्ही पंधरा दिवस घेतले. त्याने सुधारणा केली, आम्हांला एका शब्दाने बोलला नाही. त्याचे न बोलणे मात्र अजून आठवते.

कायद्याने आम्हांला कदाचित काही विचारले नसते. अध्यापनाच्या ओघातलीच प्रत होती ती. तरी आम्ही ऋणको होतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली विनापरवाना पुनर्मुद्रणाविरुद्ध एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो, की पुस्तक ही केवळ वस्तू नाही, ते लेखकाचे वाचकांशी बोलणे आहे. चोरून छापणारा लेखकाच्या नावाने, त्याला न विचारता बोलतो. आमचे उलट झाले होते. आम्ही लेखकाचे बोलणे स्वतःच्या नावाने बोललो होतो.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. अभंग कोणीही गावा, कोणीही उतरून घ्यावा, त्याला पैसे पडत नाहीत. पण शेवटच्या चरणात 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' अशी नाममुद्रा असते आणि ती कोणी गाळत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावले, की हिच्यात स्वतःच्या ओव्या घुसडणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे. आजचा कायदा कलम ५७ मध्ये हेच दोन हक्क लेखकाला देतो. आपले नाव लावले जाण्याचा, आणि आपल्या कृतीची मोडतोड थांबवण्याचा. हक्क विकून टाकले तरी हे दोन लेखकाकडे राहतात.

तरुणांना वाट दाखवणाऱ्या ताई-दादांना आमचे एवढेच मागणे आहे, की प्रत काढताना वर लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव लिहा. हे कायद्यापेक्षा मुलांसाठी जास्त गरजेचे आहे. परवा नववीतल्या मुलाने पाण्यावरचा प्रकल्प आणून दाखवला. "कुठून घेतलंस?" "गूगलवरून." "आणि गूगलला कोणी सांगितलं?" तो बराच वेळ गप्प बसला. मग आम्ही दोघांनी मिळून शोधले, लिहिणारी व्यक्ती सापडली, तिचे नाव त्याने शेवटच्या पानावर लिहिले. ज्ञान माणसे तयार करतात, आणि आपणही त्यांतले एक होऊ शकतो, हे त्या मुलाला कळणे ही त्या प्रकल्पातली खरी कमाई.

श्रोत्यांचे प्रश्न

*मी गोष्टी वाचून यूट्यूबवर टाकते. पैसे मिळवत नाही. चालेल का?*

हयात लेखकाची गोष्ट असेल तर परवानगी घ्या. वर्गाला चार भिंती असतात, यूट्यूबला नाहीत. पैसे न घेणे चांगलेच, पण ते परवानगीची जागा घेत नाही. लेखकाला पत्र लिहा, प्रकाशकालाही विचारा. नाही तर साने गुरुजी आहेत, मुक्त परवान्याच्या गोष्टी आहेत.

*आमच्या वस्तीतल्या मुलांचे नाटक बसवायचे आहे. शाळा नाही, मंडळ आहे.*

हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कलम ५२ मध्येच सवलत आहे. तिकीट लावलेत की नाटककाराची परवानगी आणि मानधन आले. आणि दोन्ही वेळी सुरुवातीला नाटककाराचे नाव घ्या. संवाद बदलायचे असतील तर आधी विचारा.

*स्वाध्यायपुस्तिका महाग आहेत. एक घेऊन चाळीस मुलांसाठी झेरॉक्स काढली तर?*

आमचा तिसरा प्रश्न इथे लावा. ती पुस्तिका याच मुलांना विकण्यासाठी बनवलेली आहे. तिच्या चाळीस प्रती म्हणजे चाळीस पुस्तिकांची जागा. प्रश्न तुम्ही तयार करा, फळ्यावर लिहा, मुलांना एकमेकांसाठी प्रश्न काढायला लावा. मुले फार चांगले प्रश्न काढतात, असा आमचा अनुभव आहे.

*सर, नाव लिहिले की परवानगीची गरज संपते का?*

नाही. ही दोन वेगळी ऋणे आहेत. जिथे परवानगी लागते तिथे नाव लिहून ती चुकवता येत नाही. आणि जिथे परवानगी लागत नाही, तिथेही नाव लिहायचेच. कायदा तुम्हांला पहिल्या ऋणातून पुष्कळदा मोकळे करतो, दुसऱ्यातून कोणीच करत नाही.

त्या ताईने पुढच्या आठवड्यात पाने आणली. झेरॉक्सवाल्याला आम्ही सोबत जाऊन समजावले. वर ठळक अक्षरांत लेखिकेचे आणि पुस्तकाचे नाव होते. वाचून झाल्यावर एका मुलीने विचारले, "पुढचं कुठे आहे?" ताईने नावावर बोट ठेवले. व्हॉट्सॲपवरची ती कादंबरी गटातून काढली, आणि वर्गणी काढून तिच्या दोन प्रती अभ्यासिकेच्या कपाटात आल्या आहेत. सध्या दोन्ही बाहेर आहेत, आणि पाच मुले रांगेत आहेत.